आमच्या घरात लपाछपी खेळायची नाही

निरगुडी
रविवार, रात्री ११:१०

बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. लांब होईल, समजून घ्या.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, सहावीत. जूनपासून त्याला एका क्लासला घातलंय, तिथे आत जाताना मशीनवर अंगठा लावायचा, लावला की माझ्या मोबाईलवर मेसेज येतो पोचला म्हणून, सुटला की परत अंगठा परत मेसेज. मला बरंच वाटलं होतं, मी नोकरीवर असते, तेवढीच काळजी कमी. गेल्या आठवड्यात जेवताना तो पणजीला, म्हणजे माझ्या आजीला, कौतुकाने सांगत होता की आमच्याकडे अंगठ्याची हजेरी असते. आजीने हातातला घास ताटात ठेवला. त्याचा हात ओढून घेतला, अंगठा उलटासुलटा करून बघितला आणि पदराने पुसायला लागली. शाई वगैरे काहीच नव्हतं. तो म्हणतोय अगं पणजी काही लागलं नाहीये, तरी ही पुसतेच आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यानं काय केलं गं?"

आम्ही कैकाडी, टोपल्या-कणग्या विणणारे. आजी आता ८७ वर्षांची आहे, तिचा जन्म तारेच्या आतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, आधी उत्तरेत लावला, १९११ ला आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. माणसाने गुन्हा करायची गरजच नाही, अमुक जातीत जन्मला एवढं पुरे. अख्ख्या जमातीच्या जमाती नोटीस काढून गुन्हेगार ठरवल्या, ठसे घेतले, आणि त्यातल्या हजारोंना काटेरी तारेच्या कुंपणात नेऊन ठेवलं, त्याला म्हणायचे सेटलमेंट. आजीची कुठली ते लिहीत नाही, घरचे लोक इथे वाचतात.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. लहानपणी आम्ही सगळी भावंडं सुट्टीत आजीकडे जायचो. आजी कधी रागावायची नाही, वरवंटा फुटला तरी काही बोलायची नाही. पण लपाछपी खेळायला लागलो की तिचा चेहराच बदलायचा. एकदा मी धान्याच्या कणगीच्या मागे लपले होते आणि बराच वेळ सापडले नाही, मला फार भारी वाटत होतं की आपण जिंकलो, आणि आजी अंगणात अनवाणी फिरत होती, "किती झाले, किती झाले" म्हणत बाकीच्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होती, परत परत. मी बाहेर आले तर तिने मला मारलं. आयुष्यात एकदाच. मग घरात नियमच झाला, पकडापकडी खेळा, लंगडी खेळा, लपाछपी खेळायची नाही. आम्हाला वाटायचं विंचूकाट्याची भीती असेल.

परवा अंगठ्याच्या प्रकारानंतर मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं. ती म्हणाली तारेच्या आत कुणी लपाछपी खेळायचंच नाही. रोज हजेरी, सकाळी आणि रात्री, रांगेत बसायचं, एक डोकं कमी भरलं की सगळी रांग तशीच, सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. थंडी असो पाऊस असो. तान्ही लेकरंसुद्धा मांडीवर. मग पोर लपेल कसं? पोरगं दोन मिनिटं दिसलं नाही तरी आयांच्या काळजाचं पाणी. म्हणजे बघा ना, कुणाला न दिसता पाच मिनिटं कुठंतरी बसावं, आणि कुणीतरी शोधत यावं, एवढंसुद्धा तिला मिळालं नाही. मी चाळिशीत आहे आणि हे मला आत्ता कळतंय.

इथे अजून कुणाच्या घरात असं काही आहे का? असे नियम ज्याचं कारण कुणी सांगत नाही?


सोलापुरी_चादर
रविवार, रात्री ११:५२

ताई, वाचून झोप उडाली बघा. मी सोलापूरचा. आमच्या गावात आजही सेटलमेंट म्हणलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, तार जाऊन ७० वर्षं झाली तरी नाव काय जात नाही. आतमध्ये तार आणि बाहेर 'फ्री कॉलनी', म्हणजे ज्यांची वागणूक चांगली म्हणून साहेबाला पटलं त्यांना तारेच्या बाहेर घर, पण हजेरी आणि पास हायच. आता पत्त्यावर सरळ लिहितात सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक. मी कॉलेजला असताना आमच्यातला एक दोस्त तिथला, तो फॉर्मवर पत्ता लिहिताना नुसतं 'सोलापूर' लिहायचा आणि पिनकोड टाकायचा. आम्ही विचारलं की म्हणायचा पोचतंय की पत्र. कशामुळं ते मला लय उशिरा कळलं.

सेटलमेंट सोलापुरात का, त्याचं पण कारण हाय. गिरण्या. १८७७ साली इथली पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढं गिरण्यांना माणसं कमी पडायला लागली. तारेच्या आत माणसं आयतीच, भोंगा झाला की रांगेत कामावर, सुटला की रांगेत परत. कारखान्यात घ्यायचं कमीत कमी वय १९२२ पर्यंत ९ वर्षं होतं, मग १२ केलं. तसली पोरं अर्ध्या वेळेची कामगार. आमच्या आज्जीचे वडील गिरणीत होते (आम्ही पद्मशाली, आम्हाला तार नव्हती), ते सांगायचे म्हणे की सेटलमेंटची पोरं जेवणाच्या सुट्टीत पण एकमेकाला मोजायची.


जुना_वकील
सोमवार, सकाळी ७:३०

या विषयावर मी बरीच वर्षं काम केलंय म्हणून थोडं लिहितो. लोकांना वाटतं हा कायदा मोठ्या माणसांसाठी होता आणि पोरं आपली आईबापांबरोबर ओढली गेली. तसं नाहीये. पोरांसाठी त्यात वेगळी तरतूद होती. १८९७ च्या दुरुस्तीत ४ वर्षांच्या पुढच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय केली. १९११ च्या आणि नंतर १९२४ च्या कायद्यात ६ ते १८ वर्षं. शब्द साधे आहेत, मुलाला आईबापांपासून वेगळं करून काढून न्यावे आणि शाळेत ठेवावे. त्या मुलाने काही केलं असलं पाहिजे अशी अट कुठेही नाही.

आणि ह्याच्याविरुद्ध कोर्टात जायची सोय नव्हती. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की ते जाहीर करणं बरोबर की चूक हे कुठल्याही न्यायालयाने विचारायचं नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलेलं. माझ्या वकिलीच्या सगळ्या वर्षांत मी इतकं बंद दार दुसऱ्या कायद्यात बघितलेलं नाही. त्यामागचा विचार काय, तर हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा चोराचा चोरच होणार. म्हणजे जातीची जी गोष्ट आपण स्वतःच हजार वर्षं मानत आलो तीच त्यांनी उचलली आणि तिला कलमं लावली. हे मला जास्त टोचतं.

३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर कायदा गेला. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सव्वाशेच्या वर जमाती आणि एक कोटीपेक्षा जास्त माणसं त्याच्याखाली होती. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ नंतर त्यांना सुटायला पाच वर्षं लागली. म्हणून विमुक्त लोक, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या जमाती, ३१ ऑगस्ट पाळतात. पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे राज्याराज्यात आले, आपल्याकडचा १९५९ चा, आणि पोलिसांच्या वहीत जुनीच नावं पुढे चालू राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला, त्यात या जमातींना जन्मावरून गुन्हेगार समजण्यावर स्पष्ट लिहिलंय. म्हणजे दीडशे वर्षांनी अजून ते लिहावं लागतंय.


तर्कवाला
सोमवार, सकाळी १०:०५

वाईट वाटलं वाचून, खरंच. पण एक बाजू मांडतो, रागावू नका. सेटलमेंटमध्ये शाळा सक्तीच्या होत्या. त्या काळात गावातल्या शाळेत या मुलांना कुणी दारात उभं केलं नसतं. पहिली शिकलेली पिढी बऱ्याच ठिकाणी तिथूनच निघाली. मुंबई इलाख्यात या सेटलमेंट ज्यांच्याकडे होत्या ते स्टार्ट साहेब, त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९२८ ची अस्पृश्य आणि आदिवासींच्या प्रश्नावरची कमिटी झाली आणि त्यात डॉ. आंबेडकर सभासद होते. म्हणजे अधिकारी सगळेच राक्षस नव्हते. आणि भटकत राहिले असते तर मुलांचं बालपण काय फार सुखाचं असतं का? उपासमार, रोगराई, गावोगाव हाकलून देणं. मला प्रामाणिकपणे विचारायचंय.


निरगुडी
सोमवार, दुपारी १:४०

तर्कवाला, रागावले नाही, हा प्रश्न मी स्वतःला पण विचारलाय.

शाळा होती हे खरं. आजीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. सकाळची प्रार्थना तिला अजून अख्खी पाठ आहे. पण तिच्या आईच्या भाषेतली, कैकाडी भाषेतली, एकसुद्धा अंगाई तिला येत नाही. आमची भाषा तमिळ-तेलुगूच्या जवळची, मराठीशी काही संबंध नाही तिचा, शाळेत ती बोलली की छडी. का तर पोरं आपसात काय बोलतात ते कळलं पाहिजे. माझ्या आईला आजीने मराठीतच झोपवलं, मला पण. तिच्या मोठ्या भावाला सात वर्षांचा असताना वेगळ्या बोर्डिंगात नेऊन ठेवलं, एकाच आवारात, मध्ये तार. तो संध्याकाळी तारेशी येऊन उभा राहायचा आणि त्यांची आई पलीकडून भाकरी दाखवायची. द्यायची परवानगी नव्हती. दाखवायची नुसती, की बघ आज केलीय, तुझ्या वाटणीची ठेवलीय. शाळा द्यायला ही तार कशाला लागते, एवढं मला कुणी समजावून सांगा.

आणि भटकंतीतलं बालपण. आजी आत जन्मली, तिला ते माहीत नाही, पण तिची आई सांगायची ते तिने ऐकलंय. गाढवावर एका बाजूला फोकांचा भारा, दुसऱ्या बाजूला टोपलीत पोर. ओढ्याकाठी थांबलं की मोठी माणसं निरगुडीचे फोक तोडायची, पोरं त्याची साल सोलायची, चार-पाच वर्षांचं पोर पण छोटीशी डालगी विणायला बसायचं, वेडीवाकडी झाली तरी त्यातच कोंबडीचं पिल्लू ठेवायचं. सुगीच्या आधी गावोगाव कणग्या, डालगी, पाट्या विकायच्या. उपाशी पण राहायचे, हाकलून पण द्यायचे, मी त्याला सुख म्हणत नाहीये. पण तिथे पोरगं आईच्या हाताखाली काम शिकता शिकता खेळत होतं आणि खेळता खेळता शिकत होतं. तारेच्या आत फोक कुठून येणार? फोक आणायला बाहेर जायचं तर पास, पास कुणाला मिळायचा तर ज्याच्यावर मुकादमाची मर्जी. आजीला विणता येतं ते फक्त तिच्या वडिलांना पास मिळायचा म्हणून.


टोरंटोकर
सोमवार, संध्याकाळी ६:१५ (इथल्या वेळेप्रमाणे सकाळ)

मी मूळची साताऱ्याची, गेली १९ वर्षं इथे कॅनडात आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला माझी मुलगी केशरी टीशर्ट घालून शाळेत जाते. इथल्या मूळ लोकांच्या मुलांना शंभरावर वर्षं निवासी शाळांत नेऊन ठेवलं, साधारण दीड लाख मुलं, १९२० पासून तर कायद्यानेच सक्ती, आईबाप पाठवत नसतील तर पोलीस येऊन नेणार. भाषा बोलली की शिक्षा. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली म्हणजे माझ्या वयाची माणसं त्यात होती. केशरी शर्ट का, तर एका सहा वर्षांच्या मुलीला आजीने शाळेसाठी नवा केशरी शर्ट घेऊन दिला आणि पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत कधी दिला नाही. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली, मग आयोग बसला, म्हाताऱ्या माणसांनी गावोगाव माईकसमोर आपलं बालपण सांगितलं, आणि २०२१ पासून तो दिवस देशाचा म्हणून पाळतात.

मला हे सगळं पाठ आहे कारण मुलीच्या शाळेत शिकवतात. आणि साताऱ्यात माझ्या आजोळच्या गावाबाहेर जी पालं होती त्यांच्याबद्दल मला एक ओळ माहीत नव्हती. आम्हाला एवढंच सांगितलेलं की तिकडे जाऊ नका, पोरं पळवतात. पोरं कुणाची कुणी नेली होती ते आज कळतंय. मुलीने मला विचारलं, तुमच्याकडे पण असं झालं का आई, तेव्हा मी नाही म्हणाले होते. आज संध्याकाळी तिला हा धागा वाचून दाखवणार आहे.


पाटीपेन्सिल
सोमवार, रात्री ९:२०

मी शिक्षक आहे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गाव, शाळा काही लिहीत नाही, मुलं ओळखू येतील. ताईंनी विचारलंय ना कारण न सांगितलेले नियम आहेत का घरात, तर एक सांगतो.

माझ्या वर्गात एक पारधी मुलगा आहे, दहा वर्षांचा. मी दोन वर्षं बघत होतो, हा कधीच पळत नाही. शाळा सुटली की सगळी पोरं दाणदाण पळत सुटतात, घंटा झाली की फाटकाशी चेंगराचेंगरी, आणि हा आपला दप्तर पाठीला लावून म्हाताऱ्या माणसासारखा एका कडेने चालत जातो, पाऊस लागला तरी चालतच. मला वाटलं पायाला काही असेल. मग क्रीडास्पर्धेला मी जबरदस्तीने त्याचं नाव घातलं १०० मीटरला. मैदानात शिट्टी झाली आणि तो जो सुटला, मी खोटं सांगत नाही, पुढच्या मुलात आणि त्याच्यात पंधरा-वीस पावलांचं अंतर. मी त्याला उचलून घेतला आणि विचारलं अरे मग एरवी का रे पळत नाहीस. तर म्हणाला, "बा म्हणतो रस्त्यात पळायचं नाही. आपल्यातला पळाला की लोक मागं लागत्यात."

दहा वर्षांच्या पोराला पळायला कुंपणाचं मैदान लागतं आणि हातात शिट्टी असलेला मास्तर लागतो. ताईंच्या आजीला लपता आलं नाही, ह्याला पळता येत नाही. तार काढून ७० वर्षं झाली म्हणतो आपण.

गावात कुठे चोरी झाली की दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली तीन बाकं रिकामी असतात. पालावर रात्री गाडी आलेली असते. मुलं चार दिवसांनी परत येतात, मी त्यांना गैरहजर मांडत नाही. हे नियमात बसत नाही हे मला माहीत आहे.


चावडी
मंगळवार, पहाटे १:०५

हा आयडी मी आत्ता हे लिहायलाच काढलाय. माझ्या नेहमीच्या नावाने लिहायचा धीर झाला नाही.

आमचं घर पाटलांचं. पणजोबा पोलीस पाटील होते. रामोशी आणि पारध्यांची रात्रीची हजेरी आमच्या चावडीवर व्हायची. गावाच्या बाहेर कुठे मुक्कामाला जायचं असेल तर पाटलाकडून दाखला घ्यायचा, दुसऱ्या गावी पोचल्यावर तिथल्या पाटलाला दाखवायचा, परत यायचं. आमच्या माळ्यावर लोखंडी ट्रंकेत त्यातली एक वही अजून आहे. मी ती दहावीत असताना बघितली होती. नावं, पुढे बापाचं नाव, वय, आणि पुढे रोजच्या रकान्यात हजर, हजर, हजर.

अक्षर पणजोबांचं नाहीये. अक्षर माझ्या आजोबांचं आहे. आजोबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते, पणजोबांना वाचता कमी यायचं आणि दिव्याच्या उजेडात दिसायचं पण नाही म्हणून ते ह्यांना मांडीशी बसवायचे आणि हे कंदिलाजवळ नावं वाचायचे. आठ वर्षांचा पोरगा आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे नावाने हाक मारणार आणि तो माणूस उठून "हजर" म्हणणार. आजोबा मला म्हणाले होते, त्यात एक मुलगा त्यांच्याच वयाचा होता. दिवसा दोघं ओढ्यावर खेकडे धरायचे. रात्री हे त्याचं नाव वाचायचे आणि तो मान खाली घालून हजर म्हणायचा. एक दिवस त्याने दिवसा ओढ्यावर यायचं बंद केलं. आजोबांनी विचारलं का रे, तर तो हसला नुसता आणि हात जोडले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने मित्राला हात जोडले.

आजोबा ९१ व्या वर्षी गेले. शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं, आमची नावं आठवत नव्हती, पण ती हजेरीची नावं ते झोपेत घ्यायचे. क्रमाने. आम्ही घरच्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही.

वहीचं काय करावं मला कळत नाहीये. जाळावीशी वाटते आणि धीर होत नाही.


जुना_वकील
मंगळवार, सकाळी ७:१०

चावडी, जाळू नका. हात जोडून सांगतो. त्या माणसांच्या नातवंडांना आज जातीचा दाखला काढायला १९६१ च्या (अनुसूचित जमातीत असलेल्या पारध्यांना १९५० च्या) आधीचा महाराष्ट्रातला पुरावा मागतात आणि तो त्यांच्याकडे नसतो, कारण शाळा नाही, जमीन नाही, घर नाही. केवळ एका कागदासाठी या लोकांची कामं वर्षानुवर्षं अडकलेली मी बघितली आहेत. भटक्या-विमुक्तांसाठी रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला, दोन्ही अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्रातले, तरी कागदाचा प्रश्न तसाच. तुमच्या वहीत त्यांच्या आज्या-पणज्याचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, तारीख, सगळं आहे. ज्या वहीने बांधून घातलं तीच आज कुणाच्या तरी पोराच्या फीमाफीला उपयोगी पडू शकते. पानांचे फोटो काढा, गावातल्या त्या घरांत स्वतः जा, आणि त्यांना विचारून पुढचं ठरवा. तुमच्या एकट्याच्या मनाने ठरवू नका.


तर्कवाला
मंगळवार, सकाळी ९:४५

मी काल जे लिहिलं त्यातली माहिती चुकीची नाही असं मला अजून वाटतं, पण मी ती चुकीच्या जागी मांडली. भाकरी दाखवायची हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. निरगुडी ताई, माफ करा.

चावडी, जाल तेव्हा एकटे जाऊ नका वाटलं तर सांगा, मी पुण्याहून येईन.


पाटीपेन्सिल
मंगळवार, दुपारी २:३०

चावडी, वकीलसाहेब म्हणतात ते शंभर टक्के खरं. माझ्या त्या तीन बाकांवरच्या एकाही मुलाकडे जातीचा दाखला नाही. पहिलीत नाव घालताना वडिलांनी जन्मतारीख पण 'पोळ्याच्या टायमाला' सांगितली होती, मी १ जून टाकली. अर्ध्या वर्गाची १ जून आहे. पोराला वाढदिवस विचारला की तो मला म्हणतो, सर तुमाला माहीत.


निरगुडी
बुधवार, रात्री १०:३०

दोन दिवस कामाच्या गडबडीत होते, पण रोज रात्री आजीला थोडं थोडं वाचून दाखवत होते. पळत नाही त्या मुलाचं ऐकून तिने विचारलं, "मग पहिला आला का?" मी म्हटलं हो. दोनदा विचारून घेतलं.

चावडी, तुमचं वाचायचं की नको मी खूप विचार केला. वाचलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, त्या लेकराला कशाला बसवलं ओ हजेरीला, रात्रीचं. तुमच्या आजोबांबद्दल म्हणाली ती.

मग माझ्या मुलाने तिला सरळच विचारलं, पणजी तू एकदापण लपली नाहीस का? मोठ्या माणसाला असं विचारायचं धाडस झालं नसतं. तर म्हणाली, एकदा लपले. माझ्या आईलासुद्धा हे माहीत नव्हतं.

नऊ वर्षांची होती. वडिलांनी मोठी कणगी विणायला घेतली होती, एका पुरुष उंचीची, वरचा काठ व्हायचा होता. दुपारी ही तिच्यात उतरली. म्हणाली आतून बघितलं तर सगळीकडून उजेड जाळीजाळीचा आला होता, अंगावर, हातावर, आणि फोकांचा ओला वास, आणि बाहेरचा आवाज लांबून आल्यासारखा. तिला तिथे झोप लागली. उठली तेव्हा अंधार होता आणि रांग बसलेली होती. कितीवेळ ते तिला सांगता येत नाही. कुणीतरी कणगी आडवी केली आणि ती बाहेर घरंगळली. तिला कुणी मारलं नाही. तिच्या वडिलांचा पास दोन महिने बंद केला. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न त्या महिन्यात होतं, लांबच्या गावी, त्यांना जाता आलं नाही. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत, ती कणगी तेवढी त्यांनी पुढे विणली नाही, तशीच बिनकाठाची राहिली. फोक तर बंदच झाले होते.

हे सांगताना ती रडली वगैरे नाही. उजेडाचं सांगताना मात्र हात असे वर धरले होते आणि बोटं पसरली होती.

क्लासमध्ये मी बोलले. त्यांना सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की आमच्या घरी चालत नाही. वहीत सही चालेल म्हणाले. मेसेज आता येत नाही, मला साडेसहा ते सात जरा धाकधूक होते, होऊ दे.


सोलापुरी_चादर
बुधवार, रात्री ११:०५

ताई, आज्जीला आमचा नमस्कार सांगा. एक विचारू का, आज्जीला अजून विणता येतं का ओ?


निरगुडी
बुधवार, रात्री ११:२०

बोटं वळत नाहीत आता. पण तोंडाने सगळं सांगते, किती फोक उभे, किती आडवे, कुठे दुमडायचं. मुलगा मागे लागलाय की मी विणतो तू सांग. प्रश्न फोकांचा आहे, पुण्यात निरगुडी कुठे शोधू. ओलीच लागते, वाळली की मोडते म्हणते.


माळरान
गुरुवार, सकाळी ६:५०

धागा पहिल्यापासून वाचतोय, लिहिलं नव्हतं. आमच्या शेताच्या बांधाला निरगुडी चिक्कार आहे, शिरूरजवळ. शनिवारी तसाही पुण्यात भाजी घेऊन येतो टेम्पोने. सकाळी तोडून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतो. आजींना विचारून सांगा जाडी किती पाहिजे, करंगळीएवढी का त्याहून बारीक, आणि दोन भारे पुरतील का.


निरगुडी
गुरुवार, सकाळी ८:१५

विचारलं. म्हणाली करंगळीपेक्षा बारीक, आणि तीन आणा. काठासाठी वेगळे लागतात.